भाऊजींचे भाडेकरू

मी सतरा वर्षांची असताना माझ्या धाकट्या दिराच्या पोटातले जंत काढले, आणि पुढे जवळजवळ सारा जन्म त्याबद्दल त्यांची माफी मागत राहिले. वाचणाऱ्याला वाटेल, जंत काढणं हे तर पुण्याचं काम, त्यात माफी कसली? मलाही अगदी असंच वाटलं होतं. शहाणी होते ना मी! त्या वयात माझ्याइतकं शहाणं धार आणि देवास या दोन गावांत मिळून कुणी नसेल. आता पंचाऐंशी पार केल्यावर सांगायला हरकत नाही, की ते शहाणपण सगळं मिळून एका पुडीत मावत होतं, आणि ती पुडी मी वामनभाऊजींना दुधातून दिली.

संक्रांत होऊन गेली होती आणि डब्यातला तिळगूळ अजून संपायचा होता, तेव्हा देवासहून ट्रंककॉल आला. मी सध्या धारला नातवाकडे असते. शेखर डॉक्टर आहे, वाईट बातम्या सांगण्याची त्याला सवय. पण फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि नुसताच उभा राहिला. मीच म्हटलं, "वामनभाऊजी ना?" त्यानं मान हलवली. मी विचारलं, "धाप लागली होती का रे?" तो म्हणाला, "नाही आजी. सकाळी चहा घेतला, पेपर घेऊन खुर्चीत बसले, तसेच गेले." "घरघर? शिट्टी?" "बिलकुल नाही." त्यावर मी काय केलं ते खरं तर छापायला नको, पण भाऊजींना आवडलं असतं म्हणून लिहिते. मी हसले. शेखरला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. त्यानं पटकन माझी नाडी धरली. नाडी धरू दिली त्याला... आणि मग जे रडायला आलं ते संध्याकाळपर्यंत थांबेना.

आता मुळापासून सांगते. माझे वडील धारच्या दवाखान्यात कंपाउंडर. घरात आई नाही, भाऊ नाही, त्यामुळे पुड्या बांधायला मी. त्या काळी सतराव्या वर्षी लग्न म्हणजे घोडनवरीच. वडील लोकांना सांगत की मुलीवाचून दवाखाना अडतो म्हणून उशीर झाला. खरं कारण माझी जीभ. बघायला आलेल्या माणसांना मी चहा देता देता त्यांच्या जिभा बघून बद्धकोष्ठ ओळखून सांगत असे. तरी देवासच्या एका भल्या घरानं मला पत्करलं, आणि मी लुगड्यांच्या तळाशी औषधांचा एक पत्र्याचा डबा लपवून सासरी निघाले. वडिलांनी निरोप देताना एवढंच बजावलं होतं, "तिथे कुणाला औषध देऊ नकोस." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

देवास हे तेव्हा एक गाव आणि दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, दवाखाने दोन; रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. आमच्या ओसरीवरून कुणी पानाची पिंक जरा जोरात टाकली तर ती परराज्यात जाऊन पडे, आणि समोरचे तात्या तिथून ओरडत (भावाला तिकडे भिया म्हणतात), "काय भिया, लढाई करायची आहे का?" टेकडीवरची देवी तेवढी दोघांची. दसऱ्याला दोन्ही पात्यांच्या मिरवणुका निघत, आणि मिरवणूक हलायच्या आधी शंख फुंकला जाई. थोरल्या पातीच्या शंखाचा मान माझ्या सासरच्यांकडे, धाकट्या पातीचा समोरच्या तात्यांकडे. दरबाराच्या लेखी ही काही स्पर्धा नव्हती. पण गावाच्या मनात होतीच होती. ज्याचा शंख जास्त वेळ टिकला त्या पातीचा भाजीवालासुद्धा पुढच्या दसऱ्यापर्यंत कोथिंबीर ऐटीत देई.

माझे सासरे वारल्यावर हा मान कुणी चालवायचा हा पेच पडला. आमचे 'हे' थोरले, पण ह्यांना फुंकून चूलही पेटवता येत नसे. शंख तोंडाला लावला की ह्यांच्या कानातून वारा जातो असं भाऊजी म्हणत. आणि भाऊजींना लहानपणापासून दमा. धूळ उडाली, गवत कापलं, मांजर नुसतं शेजारून गेलं, की छातीत शिट्ट्या सुरू. तरी मान त्यांनाच हवा होता. सासऱ्यांच्या मांडीवर बसून ते त्या शंखावर बोटं फिरवत वाढले होते. दुसरं काही त्यांना मिळण्यासारखंही नव्हतं. अभ्यासात यथातथा, अंगानं काटकुळे, गावात नाव 'शिट्टीवाला वामन'. शेवटी सासूबाईंनी त्यांना हवापालटासाठी आपल्या भावाकडे निसरपुरला पाठवलं, नर्मदेकाठी. तिथे ते वर्षभर राहिले, मामाच्या शेतात अनवाणी हिंडले, नदीत डुंबले, मातीतलं उपटून तसंच खाल्लं, आणि परत आले तेव्हा अंगाचा रंग उडालेला, पण छाती स्वच्छ! त्या दसऱ्याला त्यांनी शंख फुंकला तो असा, की तात्यांचा संपला तरी यांचा चालूच. सासूबाईंनी नर्मदामाईला साडी वाहिली. गावानं 'शिट्टीवाला' हे नाव टाकून दिलं.

हे सगळं मी येण्याआधीचं. मी आले पुढच्या वैशाखात, आणि मला काय दिसलं? फिक्कट ओठांचा, पांढुरक्या नखांचा, जिना चढून आला की कठड्याला टेकणारा, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून भिंतीचा पोपडा काढून खाणारा एक दीर. मी मनात म्हटलं, जंत! वडिलांच्या दवाखान्यात असे कितीतरी पाहिले होते. नवी नवरी लाजते, बावरते, माहेरची आठवण काढून डोळे पुसते; मी दाराआडून दिराची नखं तपासत होते.

एकदा त्यांना अंगणात गाठून म्हटलं, "भाऊजी, माझ्या वडिलांची एक शक्तीची पुडी आहे. घ्याल?"

"कसली शक्ती?"

"दम वाढतो."

झालं. दम म्हटल्यावर त्या माणसानं शेणाची गोळीसुद्धा घेतली असती. श्रावणात एका दिवशी सकाळी मी त्यांना दुधातून सँटोनिनची पुडी दिली, मागाहून ओव्याचं फूल दिलं (ते नाव ऐकायला गोड, पोटात गेल्यावर नव्हे), आणि वर जुलाबाचं मीठ. एकाच जातीचे जंत असतील असं कशावरून, म्हणून दोन्ही. माझ्या हाताला सढळपणा फार.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ओसरीवर आले आणि डोळे चोळत म्हणाले, "आई, आज उन्हाला काय झालंय?"

"काय झालं?"

"पिवळं आहे."

"ऊन पिवळंच असतं रे."

"आणि दूध?"

सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली आलं. "दूध पिवळं दिसतंय तुला?"

"दूध पिवळं, भिंत पिवळी, तू पिवळी..."

"अगं बाई, कावीळ!" सासूबाईंनी अशी आरोळी ठोकली की परराज्यातून तात्या धावत आले. "काय झालं भिया, काय झालं?" भाऊजींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तात्या, तुम्हीसुद्धा पिवळे पडलात." तात्या आल्या पावली घरी परतले. त्यांच्या बायकोनं मागाहून सांगितलं, की ते तासभर आरशासमोर जीभ बाहेर काढून बसले होते.

मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. सँटोनिननं जग पिवळं दिसतं आणि एखाद्या दिवसात उतरतं, हे मला माहीत होतं, वडिलांनी सांगितलेलं. पण ते आधी सांगायचं असतं, हे माहीत नव्हतं. कावीळ उतरवणाऱ्याला बोलवायला माणूस निघाला तेव्हा मात्र राहवेना. भाऊजींना परसात बोलावून म्हटलं, "भाऊजी, ती कावीळ नाही. ती माझी पुडी आहे."

"शक्तीची?"

"शक्तीचीच म्हणायची... पण ती जंतांवर शक्ती दाखवते."

मला वाटलं, आता हे ओरडणार, सासूबाई येणार, आणि संध्याकाळच्या आत मी टांग्यातून धारच्या वाटेला लागणार. भाऊजींनी परसाच्या भिंतीवरून बाहेर पाहिलं. घरांची कौलं, गोठे, टेकडी, टेकडीवरचा कळस, सगळ्यावरून त्यांची नजर सावकाश फिरली. मग म्हणाले, "वहिनी, अख्खं गाव सोन्याचं झालंय. दसऱ्याच्या आधीच सोनं वाटलंत तुम्ही!" आणि हसत हसत आत जाऊन आईला सांगितलं, की उन्हात फार वेळ बसलो म्हणून तसं दिसलं, आता ठीक आहे.

पुडीचा पुढचा परिणाम मी लिहीत नाही. पेपरची ही रविवारची पुरवणी लोक चहाबरोबर वाचतात. एवढंच सांगते, की पुडी चालली. भाऊजींच्या गालांवर रंग आला, नखं गुलाबी झाली, भिंतीचे पोपडे भिंतीवर राहू लागले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सूनबाईचा पायगुण!" मी खाली मान घालून ऐकत असे, म्हणजे चेहऱ्यावरचा गर्व दिसू नये. मनातल्या मनात मी दोन्ही पात्यांच्या दवाखान्यांचा कारभार पाहत होते.

गणपती उठले, आणि भाऊजींच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली. आधी बारीक, जशी लांबून कुणी गुराख्यानं वाजवावी. नवरात्रात घरं झाडून धूळ उडाली, तेव्हा शिट्टीचा भाता झाला. काढे झाले, शेक झाले, छातीवर तेल झालं. भाऊजी उशा रचून बसलेले असत आणि दाराबाहेरून जाणारी पोरं पुन्हा ते जुनं नाव घेत. मी सांगितलं, "हवेचं आहे, जाईल." गेलं नाही.

दसऱ्याला भाऊजी हट्टानं उठले. फेटा बांधला. आम्ही बायका गच्चीवर. खाली घोडे, निशाणं, अख्खी थोरली पाती पागोटी घालून उभी. भाऊजींनी शंख उचलला, गाल फुगवले... आणि म्हशीनं पाण्यात बसताना उसासा टाकावा तसा आवाज झाला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तोही झाला नाही; खोकला आला, आणि शंख दुसऱ्या कुणीतरी हातातून अलगद काढून घेतला. त्याच वेळी धाकट्या पातीकडून तात्यांचा शंख सुरू झाला. त्यांनी तो आनंदाच्या भरात एवढा लांबवला, की शेवटी घेरी येऊन घोड्याच्या मानेला मिठी मारावी लागली. लोक हसले. पण मला भाऊजींचे हात दिसत होते. शंख गेला तरी ते अजून छातीपाशी तसेच धरलेले होते.

घरी सासूबाईंचं सुरू झालं. नर्मदामाईनं दिलेला श्वास नर्मदामाईनं परत घेतला. घरात कुणाच्या हातून काय घडलं ते खरं सांगा. मी पुढे झाले. तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजी धापा टाकत म्हणाले, "आई, मी परवा चोरून दही खाल्लं. दोन वाट्या." मग दह्यावरून त्यांनी जे ऐकून घेतलं, ते खरं माझ्या वाटणीचं होतं.

दमा जरा उतरल्यावर त्यांनी मला परसात बोलावलं. विहिरीच्या काठावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, मी हिशोब मांडून पाहिला. ज्या वर्षी जंत आले त्याच वर्षी दमा गेला. जंत गेले, दमा आला. यात नर्मदामाई कुठे बसते?"

"भलतंच! जंत कधी कुणाचं भलं करतात का?"

"भलं करायला कशाला येतील? आपली सोय बघतात. समजा, घरमालक मोठा तापट आहे. दारात पाखरू बसलं तरी काठी घेऊन धावतो. त्याच्या माडीवर एक भाडेकरू आला. भाडं देत नाही, वर मालकाच्याच कोठीतलं खातो. त्याला टिकायचं असेल तर काय करील? मालकाला गोड बोलून थंड ठेवील. मालक थंड पडला, की भाडेकरूही सुखी आणि दारातलं पाखरूही सुखी. मी तो मालक. धूळ, गवत, मांजर ही पाखरं. आणि तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही माझे भाडेकरू एका दिवसात रस्त्यावर काढलेत. आता मालक पुन्हा काठी घेऊन उभा आहे." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वहिनी, माझे जंत मला परत द्या."

मी हसले, आणि ते हसत नाहीत असं पाहून थांबले. डब्यात जंत काढायच्या पुड्या होत्या, घालायची एकही नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात भाऊजी निसरपुरला निघाले. सासूबाईंना वाटलं, माईची क्षमा मागायला चालले. त्यांनी नवी साडी दिली वाहायला. मी वहाणा पुढे केल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या. "मागच्या खेपेला अनवाणी होतो. ते कुठल्या दारानं आत आले ते मला ठाऊक नाही, तेव्हा सगळी दारं उघडी ठेवतो." जे जे त्या वर्षी केलं होतं ते ते सगळं करायचं, असा त्यांचा बेत. मी त्या दिवसापासून गणपतीपुढे बसून काय मागणं मागत होते ते गणपतीलाही नवं असेल. लोक संकटं टळावीत म्हणून हात जोडतात. मी दिराला जंत व्हावेत म्हणून जोडत होते.

दसऱ्याला थोडे दिवस उरले असताना ते परतले. फिक्कट. नखं पांढरी. पायांना चिखलानं खाज उठून व्रण पडलेले. ओसरीवर टेकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि भिंतीचा एक पोपडा काढून तोंडात टाकला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी स्वयंपाकघरात जाऊन शिरा ढवळायला घेतला. डोळ्यांत पाणी आलेलं धुरानं आलं असं सांगितलं. त्या वर्षीचा शंख ज्यांनी ऐकला ते आता कुणी उरले नसतील. सुरुवातीला जरासा कापला. मग सरळ झाला आणि टेकडीवर जाऊन परत आला. तात्या आपला शंख लावायचं विसरून ऐकत उभे राहिले, आणि मग त्यांच्याच पातीच्या माणसांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

तेव्हापासून आमचा करार झाला, दिराचा आणि भावजयीचा. घरात वैद्य आला की मी भाऊजींच्या नखांपुढे उभी राहत असे. कुणी एरंडेल काढलं की बाटली फुटे. माझ्या हातून किती बाटल्या फुटल्या! रक्त वाढावं म्हणून मी त्यांना गूळ, खजूर, पालेभाज्या घालत राहिले. "अर्धं त्यांना, अर्धं मला," असं म्हणत ते जेवत. दर काही वर्षांनी शिट्टी पुन्हा बारीक ऐकू आली, की ते पावसाळ्यात निसरपुरला जाऊन येत. गावात मोठे नर्मदाभक्त म्हणून त्यांची ख्याती झाली. सासूबाई तर 'माझ्या वामनला माईनं ओळखलंय' असं सांगत समाधानानं गेल्या. राज्यं विलीन झाली, मिरवणुका बंद पडल्या, तात्याही गेले. मग शंख दसऱ्याला घरच्या देवापुढे वाजू लागला. ऐकायला आम्हीच.

शेखर डॉक्टर झाला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही, खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "आजी, भाडेकरूची गोष्ट कुणी सांगितली म्हणालीस?" मग त्यानं मला समजावलं. आपल्या अंगात शिपाई असतात. काहींचं काम जंतांशी लढणं. जंत मोठा धूर्त, मारामारीनं टिकणार नाही हे ओळखून तो शिपायांना शांत करतो. आणि ज्यांच्या अंगात जंतच नाहीत, त्यांच्यातल्या काहींचे हेच शिपाई रिकामपणी धुळीवर, परागावर तुटून पडतात, दमा होतो. असं काही डॉक्टरांना वाटू लागलंय म्हणाला, नक्की कुणालाच माहीत नाही. सगळ्या जंतांचं सारखं नसतं, सगळ्या दम्यांचंही नाही. आणि वर बोट रोखून म्हणाला, "पण हे जंत रक्त पितात. कुणाला हे औषध म्हणून सांगत बसू नकोस." म्हणून इथेही लिहून ठेवते. वाचकांपैकी कुणी चिखलात अनवाणी नाचायला निघालं तर ती जबाबदारी माझी नाही. माझ्या खात्यावर एक माणूस पुरे आहे.

गेल्या पावसाळ्यात भाऊजी धारला आमच्याकडे आले तेव्हा दोन पावलं चालले की बसत होते. शेखरनं रक्त तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आजोबा, तुमच्या भाडेकरूंनी घर पोखरलंय. आता त्यांना काढावं लागेल, नाहीतर हृदय थकेल." भाऊजी म्हणाले, "श्वास गेला तर?" शेखर म्हणाला, "तेव्हा बघू. आता औषधं आहेत." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनींच्या हातून घेईन."

मी म्हटलं, "मेल्ये तरी देणार नाही. एकदा दिली ती पुरे."

"मग राहू द्या. तुम्ही काढले होते, तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाच्या हातून बेघर झाले तर त्यांना वाईट वाटेल."

शेवटी दिली. एवढीशी पांढरी गोळी, पण माझ्या हातून ती दोनदा जमिनीवर पडली. त्यानंतर मी त्यांच्या छातीवर कान ठेवायची तेवढी बाकी होते. ते जरा खाकरले की मी उठून बसे. त्यांनी ते ओळखलं, आणि मुद्दाम खाकरू लागले. वय चौऱ्याऐंशी, खोडी सातवीतली. भाद्रपद गेला. नवरात्रात मी घरात केरसुणी लावू दिली नाही, शेखरची बायको म्हणे, "आजी, घराचा उकिरडा होईल." होऊ दे म्हटलं.

दसऱ्याला भाऊजींनी पिशवीतून शंख काढला. देवापुढे उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि फुंकला. लांब नव्हता, त्या वयात कुठून असणार. पण स्वच्छ होता. कुठे शिट्टी नाही, खरखर नाही. संपल्यावर ते शंख हातात धरून उभेच राहिले आणि चेहऱ्यावर आनंदापेक्षा अपमान जास्त. "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना फुकट पोसलं?" शेखर म्हणाला, "फुकट नाही आजोबा. तेव्हा गरज असेल. आता मालकच म्हातारा झालाय, त्याचाही राग थकलाय."

शंख जाताना ते इथेच ठेवून गेले. न्यायला येईन म्हणाले होते. देवघरातल्या फळीवर आहे. तोंडाशी त्याची कड झिजून गुळगुळीत झालीय, तिथे बोट बरोबर बसतं. परवा पणतीनं तो उचलून फुंकला आणि म्हशीच्या उसाशासारखा आवाज आला; मी इतकी हसले की ती रुसली. नंतर दुपारी सगळे झोपले असताना मी तो कानाला लावून बसले होते. आत कुणीतरी अजून श्वास घेतोय असं वाटतं... सगळ्याच शंखांत वाटतं, हे मलाही कळतं.

त्या दसऱ्याला शंख खाली ठेवल्यावर त्यांनी मला आपट्याचं पान दिलं होतं. मी नमस्कारासाठी हात जोडले आणि म्हटलं, "भाऊजी, आता तरी ती पहिली पुडी माफ केलीत ना?" ते थोडा वेळ खिडकीतून बाहेरचं ऊन पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, या नव्या गोळीत काही राम नाही. खिडकीतून बघा, सगळं जसंच्या तसं दिसतंय. तुमच्या पुडीनं निदान अख्खं गाव सोन्याचं तरी केलं होतं."